तांबी, छाया आणि दोन चर्चमधलं एक लग्न

प्रश्न असा आला आहे. मुलगी कॅथलिक, नागपुरातल्या मोहन नगरची. मुलगा सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतला, सदरचा. लग्न जानेवारीत. तिला पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशाचा विकार आहे, पाळी कधी पस्तीस दिवसांनी येते तर कधी साठ. दोन वर्षं तरी मूल नको, कारण तिचं बीएड व्हायचंय आणि त्याची नोकरी अजून कंत्राटी आहे. विवाहपूर्व शिबिरात फादरांनी सांगितलं की नैसर्गिक पद्धतीशिवाय काही चालत नाही. मुलाचे पाळक म्हणाले, प्रार्थना करा आणि तुमचं तुम्ही ठरवा. तांबीबद्दल, म्हणजे कॉपर-टीबद्दल, होणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं, "तांबी म्हंजे पाडणंच होय ना बाप्पा!" आणि आशा वर्कर असलेल्या मावशीने छाया या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं, हार्मोन नाही, त्रास नाही म्हणून. आता ती विचारते, "डॉक्टर, यातलं आमच्या धर्मात काय बसतं?"

मी सीएनआय घरात वाढले, लग्न कॅथलिक घरात झालं आणि गेली तेहतीस वर्षं नागपुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. दोन्हीकडच्या विवाहपूर्व वर्गांत डॉक्टरांचं म्हणून जे एक तासाचं सत्र असतं, ते बरेचदा माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्यावर थोडे थोडे नाराज असतात. उत्तर त्या हिशेबाने वाचा.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. सासूबाई विचारताहेत, या पद्धतीने आधीच आलेला जीव जातो का? फादर विचारताहेत, या पद्धतीने नवराबायकोच्या संबंधातून मूल होण्याची वाट मुद्दाम तोडली जाते का? पहिला प्रश्न जवळपास सगळ्याच चर्चना महत्त्वाचा वाटतो. दुसरा आज मुख्यतः कॅथलिक चर्चचा आहे. पहिल्याचं उत्तर शरीरशास्त्रात शोधावं लागतं, दुसऱ्याचं शरीरशास्त्रात मिळतच नाही. कंडोमने कुणाचा जीव जात नाही, हे फादरांनाही मान्य आहे. तरी ते नाही म्हणतात, कारण त्यांचा आक्षेप दुसऱ्या प्रश्नातला आहे. ही गाठ सुटली नाही की घरात भांडण एका गोष्टीवर होतं आणि पुरावे दुसऱ्याच गोष्टीचे दिले जातात.

आधी सासूबाईंचा प्रश्न घेऊ, कारण त्यात आपल्याकडे सर्वांत जास्त चुकीचं सांगितलं जातं.

बीजांड आणि शुक्राणू एक होतात, म्हणजे बीज फळतं, ते गर्भनलिकेत. तिथून गर्भाशयात येऊन अस्तरात रुजायला साधारण सहा ते दहा दिवस जातात. डॉक्टरी भाषेत गरोदरपण रुजल्यावर धरतात. कॅथलिक चर्च आणि बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्या जीव फळण्याच्या क्षणापासून धरतात. म्हणून कंपनीच्या पत्रकात ‘गर्भपात होत नाही’ असं छापलेलं असतं ते डॉक्टरी व्याख्येने खरं असतं, पण तुमच्या मनातल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं. तुम्हाला विचारायचं असतं की फळलेलं बीज रुजू न देणं हे या औषधाचं काम आहे का.

माझ्या टेबलाच्या खणात एक तांबी कायम असते, दाखवायला. सव्वा इंचाचा प्लॅस्टिकचा टी, दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, खाली दोन दोरे. बायका ती तळहातावर घेतात आणि पहिलं वाक्य हमखास तेच असतं, "एवढीशीच?" तिचं मुख्य काम त्या तारेतून सुटणाऱ्या तांब्याने होतं. तांब्यामुळे शुक्राणू निकामी होतात आणि बीजांडापर्यंत धडपणे पोचतच नाहीत. १९८० च्या दशकात संशोधकांनी तांबी बसवलेल्या बायकांच्या गर्भनलिकेतली बीजांडं काढून तपासली, तेव्हा नीट फळलेली बीजांडं त्यांना मिळाली नाहीत. तांबी नसलेल्यांत ती मिळाली. म्हणून आधीपासून बसवलेली तांबी म्हणजे दर महिन्याला एक गर्भपात, ही समजूत टिकत नाही. एखाद्या वेळी फळलेलं बीज रुजायला तिची अडचण होत असेल का? ती शक्यता शून्य आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि संबंध होऊन गेल्यावर पाच दिवसांच्या आत तातडीचा उपाय म्हणून बसवलेल्या तांबीची गोष्ट वेगळी आहे, तिथे रुजणं अडवण्याची शक्यता खरीच आहे. सासूबाईंना सांगताना हा फरकही सांगा, नाहीतर त्या दुसऱ्या कुणाकडून ऐकतील आणि तुमचं पहिलंही खोटं ठरवतील.

आता मावशीचं पाकीट. इथे मला जरा थांबायचं आहे.

छाया म्हणजे ऑर्मेलॉक्सिफिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, सीडीआरआयमध्ये, शोधलेलं आपलं औषध. १९९१ पासून सहेली या नावाने दुकानात मिळतं, २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात छाया म्हणून आलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. स्वस्त, सुटसुटीत, आणि त्यात हार्मोन नाही हे अगदी खरं. मीही लिहून देते. पण ही गोळी बीजांड सुटणं खात्रीने थांबवत नाही. तिचा मुख्य परिणाम गर्भाशयाच्या अस्तरावर होतो. अस्तर आणि बीज यांची वेळ जुळत नाही आणि बीज रुजत नाही. म्हणजे जीव फळण्यापासून मानणाऱ्या माणसाला आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो तांबीच्या आधी छायावर घ्यावा लागेल. आणि आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. तांबीचं नाव काढलं की बायका क्रूस करतात आणि छायाचं पाकीट बायबलशेजारच्या डब्यात असतं. ‘हार्मोन नाही’ हा तब्येतीचा दाखला आहे, नीतीचा नाही, हे कुणी सांगतच नाही.

तुमच्यापुरतं तर ती सरळ बादच. पीसीओडी असलेल्यांना छाया देऊ नये असं सरकारी सूचनांमध्येच आहे. मावशीला बोल लावू नका, तिला तुमचं सोनोग्राफीचं पान कुणी दाखवलं नसणार. पाकीट परत द्या आणि कारण सांगा, तिच्याही कामी येईल.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. माला-डी सारख्या रोजच्या गोळ्या मुख्यतः बीजांड सुटूच देत नाहीत आणि गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट करतात. त्यांनी अस्तरही पातळ होतं, त्यावरून काही इव्हँजेलिकल मंडळींना शंका आहे, पण फळलेलं बीज त्यामुळे जातं याचा प्रत्यक्ष पुरावा नाही. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शनही बीजांडच अडवतं. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गोळीबद्दल पूर्वी मीसुद्धा ‘कदाचित रुजू देत नसेल’ असं सांगायचे. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की ती बीजांड सुटणं पुढे ढकलते आणि ते सुटून गेलेलं असेल तर फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये त्या गोळीच्या पत्रकातला रुजण्याबद्दलचा उल्लेख काढून टाकला. कंडोम आणि नसबंदीत पहिला प्रश्न उद्भवतच नाही.

आता फादरांचा प्रश्न. बऱ्याच तरुणांना वाटतं की हा कॅथलिकांचाच हट्ट आहे आणि बाकीचे आधीपासून मोकळे होते. तसं नाही. १९३० पर्यंत जवळजवळ सगळी ख्रिस्ती मंडळी एकाच बाजूला होती. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात ओनान आपलं बीज जमिनीवर पाडतो आणि देव त्याला मारतो, ही गोष्ट ल्यूथर आणि कॅल्विन दोघांनीही अशा कृत्याचा निषेध म्हणूनच वाचली. आजचे बहुतेक प्रोटेस्टंट अभ्यासक म्हणतात की ओनानचा गुन्हा मेलेल्या भावाचा वंश बुडवण्याचा होता. भावाच्या विधवेशी, तामारशी, संबंध ठेवायचा, पण तिला मूल द्यायचं नाही, ही फसवणूक. मलाही हाच अर्थ पटतो, पण जुना अर्थ अडाणीपणाचा होता असं म्हणवत नाही.

१९३० च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बिशपांनी १९३ विरुद्ध ६७ मतांनी दार किलकिलं केलं. मूल न होऊ देण्याचं नैतिक बंधन स्पष्ट असेल आणि पूर्ण संयम न पाळण्याला सबळ कारण असेल, तर इतर पद्धती चालतील. त्याच ठरावात स्वार्थ, चैन किंवा निव्वळ सोय यांसाठी त्या वापरण्याचा कडक निषेधही आहे, तो मात्र आमच्याकडे कुणी वाचून दाखवत नाही. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी ‘कास्टी कोनुबी’ हे परिपत्रक काढून रोमची बाजू पक्की केली. १९५१ मध्ये बाराव्या पायसनी इटलीतल्या सुइणींपुढे बोलताना, गंभीर कारण असेल तर पाळीतले वांझ, म्हणजे गर्भ न राहणारे, दिवस बघून संबंध ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. मग गोळी आली. तेविसाव्या जॉननी १९६३ मध्ये एक आयोग नेमला, सहाव्या पॉलनी तो वाढवला. आयोगातल्या बहुसंख्यांचं मत सवलत देण्याच्या बाजूने पडलं, आणि पोपनी ते न स्वीकारता २५ जुलै १९६८ रोजी ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक दिलं. शरीरसंबंधातलं नवराबायकोचं एक होणं आणि त्यातून जीव येण्याची शक्यता या दोन गोष्टी माणसाने मुद्दाम तोडू नयेत, हा त्याचा गाभा. म्हणून कंडोम, गोळी, तांबी, नसबंदी सगळी एकाच कारणाने नको. आणि वांझ दिवस पाहणं चालतं, कारण त्यात कुठलंही कृत्य मोडलं जात नाही, फक्त थांबलं जातं.

गंमत बघा, आपल्या सरकारने निरोध हा कंडोम बाजारात आणला तोही १९६८ मध्येच.

त्या परिपत्रकातल्या सतराव्या परिच्छेदात एक इशारा आहे. ही साधनं सरकारच्या हाती गेली तर सरकार ती लोकांवर लादेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आई आठवली. ती नर्स होती. आणीबाणीत नसबंदीचे आकडे पुरे करायचे होते, तेव्हा घरी येऊन ती कुणाशीच बोलायची नाही. हात धुवायची, पुन्हा धुवायची. ती कॅथलिक नव्हती, कुटुंबनियोजन तिला मान्यच होतं. पण म्हणायची, "ज्याला इचारलंच नाही, त्याचं नियोजन कसलं?" म्हणून सीएनआयमधल्या माझ्या मित्रांनी ह्युमाने व्हितेला हसलेलं मला आवडत नाही. सगळं पटत नसलं तरी त्यातला हा परिच्छेद आपल्या देशाने खरा करून दाखवला.

सीएनआयचं तर जन्मगावच नागपूर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्च एक झाल्या. मी सहा वर्षांची होते, लक्षात राहिली ती फक्त गर्दी आणि चपला हरवल्याचं रडणं. या सहांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते. अशा घरात प्रत्येक पद्धतीचा बंधनकारक नियम बसणं कठीणच, म्हणून पाळक ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणाले. ते टाळाटाळ करत नव्हते. पण त्या वाक्याला एक दुसरा भाग आहे जो ते बहुधा घाईत विसरले. १९५८ च्या लँबेथ परिषदेने पद्धत दोघांच्याही ख्रिस्ती विवेकाला मान्य असावी असं म्हटलं. म्हणजे मुलाला कंडोम चालतो एवढ्याने भागत नाही. मुलीला तो चालत नसेल तर सीएनआयच्या हिशेबानेही तो प्रश्न सुटलेला नाही. मेकोसाबागेतले मेथडिस्ट साधारण याच वाटेवर आहेत. ऑर्थोडॉक्सांत मतं वेगवेगळी आहेत, तिथे आपल्या आध्यात्मिक गुरूशी बोलून ठरवायची रीत आहे. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत जेवढे पाळक तेवढी मतं.

आता तुमच्या घराचं काय करायचं ते.

नैसर्गिक पद्धत म्हणजे बोटांवर दिवस मोजणं, ही समजूत आधी काढून टाका. माळेवर मणी सरकवायची पद्धत पाळी २६ ते ३२ दिवसांत येणाऱ्या बाईसाठीच आहे. तुम्हाला ती चालणार नाही. तुम्हाला लागेल ती स्राव बघण्याची पद्धत, मेलबर्नच्या बिलिंग्ज डॉक्टर दांपत्याची. माझ्याकडे अजनीची एक बाई यायची, नवरा रेल्वेत लोको पायलट, तिलाही पीसीओडी. तिची शंभर पानी वही मला पाठ झाली होती. रक्तस्रावाला लाल ठिपका, कोरड्या दिवसाला हिरवा, ओला निसरडा स्राव दिसला की पांढऱ्या कागदावर बाळाचं चित्र. एका पानावर तीन बाळं, मग सहा हिरवे, पुन्हा दोन बाळं, पुन्हा हिरवे, आणि बीजांड सुटल्याचा पत्ताच नाही. शरीर तयारी करायचं आणि सोडून द्यायचं. चोपन्न दिवसांच्या त्या चक्रात नियमाने मोकळे दिवस निघाले जेमतेम डझनभर, आणि त्यातले निम्मे नवरा इटारसीच्या गाडीवर. ती हसून म्हणाली, "मॅडम, आमचं कुटुंबनियोजन रेल्वेच करून राहिली." तिने सात वर्षं वही चालवली आणि ठरवल्याप्रमाणे दोन मुलं झाली. पण तिचा नवरा दारू पीत नव्हता आणि नाही म्हटलं की नाही ऐकत होता. ही पद्धत तशा नवऱ्यासाठीच आहे. ह्युमाने व्हितेच्या तेराव्या परिच्छेदातही लिहिलंय की जोडीदाराची स्थिती आणि इच्छा न बघता लादलेला संबंध हा प्रेमाचा संबंध नाही. शिबिरात हा परिच्छेद नवऱ्या मुलांसमोर मोठ्याने वाचला जावा असं माझं जुनं म्हणणं आहे.

दुसरी वाट बऱ्याच कॅथलिक मुलींना माहीतच नसते. पीसीओडीत दोन-तीन महिने पाळी आली नाही तर अस्तर वाढत राहतं, ते बरं नाही, आणि त्यावरच्या उपचारांत गोळ्या हा एक नेहमीचा उपचार आहे. ह्युमाने व्हितेच्या पंधराव्या परिच्छेदात स्पष्ट आहे की आजारावर खरोखर लागणारा उपचार, त्याने गर्भ राहणार नाही हे माहीत असलं तरी, निषिद्ध नाही. मात्र हेतू तोच हवा. त्या काळात नवऱ्यापासून दूर राहण्याची सक्तीही नाही. पण ‘डॉक्टर, उपचार म्हणून लिहून द्या ना’ असं डोळा मारून म्हणणाऱ्या येतात, त्यांना मी सांगते की मी फार तर औषधाच्या चिठ्ठीवर सही करीन, तुमच्या मनावर नाही. तुमच्या बाबतीत साठ दिवसांची पाळी हे खरं कारण दिसतंय. रक्तदाब, मायग्रेन, घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास हे तपासल्याशिवाय कुणीच गोळ्या सुरू करू नयेत. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यानेही पाळी सुधारते, आणि त्यावर कुठल्याच चर्चचा आक्षेप नाही.

मुलाचं मत कंडोमकडे आणि तुमचं नाही, असं झालं तर? जोडीदार चर्चची शिकवण मानत नसेल तर दुसऱ्याने काय करावं, यावर रोमने १९९७ मध्ये कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणाऱ्या फादरांसाठी मार्गदर्शन काढलं आहे, त्यात काही अटींवर सवलत आहे. ती तुमच्या घराला कशी लागू होते ते शिबिराच्या हॉलमध्ये विचारू नका, फादरांना एकटं गाठून विचारा. हॉलमध्ये उत्तर नियमाचं मिळतं, एकांतात तुमचं मिळतं.

अजून एक, आत्ता घाईचं नाही पण मनात ठेवा. पुढे दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ‘सोबतच ऑपरेशन करून टाका’ असं सासरचे म्हणतात. कॅथलिक संस्थेच्या दवाखान्यात नसबंदी होत नाही. माझ्या एका पेशंटला हे टेबलावर जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिला सहा महिन्यांनी दुसरीकडे पुन्हा भूल घ्यावी लागली. त्यांचा नियम त्यांच्या जागी बरोबर, न सांगणं चूक. नाव नोंदवतानाच विचारा. रोमचंही उत्तर इथे बारीक आहे. पुढचं बाळंतपण धोक्याचं आहे एवढ्यासाठी नळ्या बांधणं चालत नाही, पण गर्भ वाढवूच शकणार नाही इतकं गर्भाशय खराब झालं असेल तर ते काढणं गैर नाही, असं २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं. सीएनआयमध्ये मुलं पुरे झाल्यावर ऑपरेशनला आडकाठी नाही. तेव्हा मी एवढंच विचारते, पुरुषाचं ऑपरेशन सोपं असताना दरवेळी टेबलावर बाईच का? तेहतीस वर्षांत या प्रश्नावर ‘माझं करा’ म्हणणारे नवरे माझ्या दोन हातांच्या बोटांत मावतात, आणि त्यात एक पाळकसाहेब होते.

लग्नाला अजून वेळ आहे, तेवढ्यात तीन पाळ्या तरी नोंदवून होतील. वही आजच आणा. पहिल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख, मग रोज रात्री एक ठिपका, दिवसभरात जे जाणवलं त्याचा. मुलाला पहिल्या महिन्यापासून ती वाचायला शिकवा. दोघं मिळून येताना वही, जुनी सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन या, आणि सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही आणा. तांबी खणातच आहे, त्यांच्या हातावर ठेवीन.